उलट्या रंगांचं विमान

ब्रश टेकवण्याआधी बाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची. ते हललं नाही की मगच श्वास घ्यायची.

खिडकीशी टेबल. टेबलावर जुनं वर्तमानपत्र. त्यावर विमान. युद्धाच्या काळातलं, एका इंजिनाचं, एकट्या माणसाला घेऊन लढायला जाणारं. खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याचं, प्लास्टिकचं, दोन तळहातांवर मावेल एवढं. विमानापलीकडे चाकांच्या खुर्चीत नवरा. उजवा हात मांडीवर पडलेला, कुणीतरी विसरून गेलेल्या पिशवीसारखा. डावा हात टेबलाच्या कडेला. तो हात धडधाकट होता. बाईला त्याचीच धास्ती होती.

पंखांवर तपकिरी रंग देऊन झाला होता. आता त्यावर हिरवे पट्टे. हिरवा, तपकिरी, पुन्हा हिरवा. वरून बघणाऱ्या शत्रूला खाली नुसतं रान दिसावं म्हणून. खोक्यात आलेल्या चित्रात कुठला पट्टा कुठे ते दाखवलं होतं. बाईने पेन्सिलीने आधी कडा आखून घेतल्या होत्या. कापडावर खडूने आखावं तशा. शेवटचा पट्टा भरला आणि तिने विमान उचलून त्याच्यासमोर धरलं.

तो पुढे वाकला. खूप वेळ बघत राहिला.

"उलटं," तो म्हणाला.

हळूच म्हणाला. पण बाईने विमान चटकन खाली घेतलं.

"काय उलटं? रंग?"

"उलटं."

तिने चित्र बघितलं. चित्रात तसंच होतं. पण चित्र बघून करणारी ती. न बघता करणारा तो. आयुष्यभर कपाटं भरून विमानं केली त्याने. शब्द कुणाचा मानायचा?

"बरं, बरं. बदलते."

तिने हिरव्यावर तपकिरी दिला. वाळू दिला. मग तपकिरीवर हिरवा. सगळी दुपार त्यात गेली. रंगाचा थर जाड झाला, पंखावरच्या बारीक रेघा बुजल्या. तो बघत होता. त्याचा जबडा हलत होता, आवाज येत नव्हता. कपाळावरची शीर वर आली होती. बाईला वाटलं, मन लावून बघतोय.

शेवटचा पट्टा संपला आणि डावा हात टेबलावर आदळला. धाडकन. पाण्याचा पेला आडवा झाला. रंगाची डबी जमिनीवर गेली.

"अहो, तुम्हीच म्हणालात ना!" बाई ओरडली. मग तोंडावर हात धरून स्वयंपाकघरात गेली. ओट्याला टेकून उभी राहिली. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. ज्याच्याकडे एकच शब्द उरलाय, त्याच्याशी काय भांडायचं?

*

गल्लीत तिला टेलरबाई म्हणत. पँटची लांबी कमी करणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर लावणं. नवं शिवायला फारसं कुणी येत नसे. जुनं चालतं करायला सगळे येत. "बाई, एवढं टाचून द्या," म्हणत येत आणि गप्पा मारत बसत. बाईचं तोंड चालायचं आणि मशीनही. कुठलं आधी थांबतं यावर शेजारणी पैज लावायच्या.

नवरा अगदी वेगळ्या मातीचा. तो शिक्केवाला. रबराचे शिक्के करायचं छोटं दुकान, एका भागीदाराबरोबर. शाळांचे, डॉक्टरांचे, कचेऱ्यांचे शिक्के. दुकान सोडलं की त्याच्या तोंडातून दुकानाबद्दल ब्र निघत नसे. घरी आला की हात धुऊन, चहा पिऊन विमानाला बसायचा. लग्नानंतर पहिल्यांदा बाईने ते बघितलं तेव्हा तिला हसू आलं होतं.

"एवढा मोठा माणूस आणि खेळणी?"

"खेळणं उडतं. हे उडत नाही," तो म्हणाला होता. त्याच्या मानाने ते भाषणच होतं.

पुढे कपाटावर रांग लागली. मग दुसऱ्या कपाटावर. "तुमच्या विमानतळाची धूळ मीच पुसायची का?" बाई विचारायची. तो मान हलवायचा. हो की नाही, ते कळायचं नाही. पण धूळ पुसताना एखाद्या विमानाचं चाक निखळलं तर दुसऱ्या दिवशी ते जागेवर असायचं. त्याने कधी विचारलं नाही, कुणी पाडलं. संसार असा चालला होता. एक बोलायची, एक दुरुस्त करायचा.

मग एका सकाळी दाढी करता करता त्याच्या हातातून रेझर सुटला. तो उचलायला वाकला तो उठलाच नाही.

इस्पितळात तो शुद्धीवर आला तेव्हा बाई डाव्या बाजूला बसली होती. त्याचा डावा हात तिच्या हातात होता. त्याने डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं, मग हातांकडे. ओठ हलले.

"उलटं."

आजारानंतरचा पहिला शब्द. बाई दचकली. हात पिरगळला गेलाय की काय? की त्याला दुसऱ्या कुशीवर व्हायचंय? तिने चटकन हात सोडला. नर्सला हाक मारली. दोघींनी मिळून त्याला कुशीवर वळवलं, भिंतीकडे तोंड करून. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"दुखत असेल," नर्स म्हणाली.

घरी आल्यावरही तोच शब्द. उशी दिली, उलटं. बाईने उशी फिरवली. शर्ट घातला, उलटं. शर्ट खरंच उलटा घातला गेलाय का म्हणून तिने शिवणी तपासल्या. सरळच होत्या. तरी काढून पुन्हा घातला. टॉवेल, चप्पल, खुर्चीचं तोंड, सगळंच उलटं. ती प्रत्येक गोष्ट फिरवायची आणि तो आणखी चिडायचा. आधी शांतपणे म्हणायचा. तिने बदललं की डोळे मोठे व्हायचे. मग तो हात आपटायचा.

बाईला त्या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायची गरजच नव्हती. तिच्या धंद्यात तो दिवसातून दहादा यायचा. कापडाची उलटी बाजू, सुलटी बाजू. बाही उलटी लागली. खिसा उलटा बसला. उलटं म्हणजे उसव. टाके तोड, पुन्हा बस. ऐकलं की तिचे हात आपोआप कात्रीकडे जायचे.

"बाबांचा रेडिओ एकाच स्टेशनवर अडकलाय," मुलगा एकदा म्हणाला. सुरुवातीला. तेव्हा अजून थट्टा सुचत होती.

वाचा सुधारायला एक मुलगी घरी यायची. शिकलेली, शांत. तिने दोन गोष्टी सांगितल्या. "काकू, शब्द बाहेर येताना घसरतो. ते काय म्हणतात ते ऐकू नका. कधी म्हणतात ते बघा." आणि, "त्यांच्या आवडीचं काहीतरी समोर ठेवा."

पहिली गोष्ट बाईला समजली नाही. दुसरी समजली. आजारापूर्वी त्याने एक विमान जोडून ठेवलं होतं. नुसता राखाडी सांगाडा, रंग न दिलेला. तिने ते कपाटावरून खाली काढलं आणि ब्रश हातात घेतला. हात तिचे, नजर त्याची. सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला बारीक कामाची काय भीती, असं तिला वाटलं होतं.

*

मुलगा दोन गल्ल्या सोडून राहायचा. चांगला मुलगा. कामावरून परतताना रोज वर चक्कर मारायचा. त्या संध्याकाळी आला आणि आईने चहा पुढे केला तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं.

मनगटावर भाजल्याचा डाग होता. ताजा, लालभडक.

"हे काय?"

"काही नाही. वाफ लागली."

"आई."

"कप दिला. ते म्हणाले, उलटं. मी कान दुसरीकडे फिरवला. तर..." ती थांबली. "मुद्दाम नाही केलं त्यांनी."

मुलाने कप बाजूला ठेवला. चहा तसाच राहिला. मग म्हणाला, "मी एक जागा बघून आलोय. चांगली आहे. माणसं आहेत, डॉक्टर आहे. खोलीला खिडकी आहे."

"खिडकी इथेही आहे."

"आई, आज मनगट भाजलं. उद्या? तुला काही झालं तर त्यांचं कोण बघणार? आणि माझं?"

"घोड्यासारखा वाढलायस. तुझं काय बघायचं?"

तो हसला नाही. उठून वडिलांच्या खुर्चीसमोर उकिडवा बसला. बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने, सावकाश विचारलं, "बाबा, तुम्हाला इथेच राहायचंय का? घरी? आईजवळ?"

नवऱ्याने मुलाकडे बघितलं. मग बाईकडे.

"उलटं," तो म्हणाला.

खाली कुणीतरी शटर ओढलं.

मुलाचे डोळे भरले होते. "बघ. मी नाही म्हणत. तेच म्हणतायत."

"ते सगळ्यालाच तसं म्हणतात!"

"मग तर झालंच. म्हणजे काही कळतच नाही त्यांना."

दोन्ही बाजूंनी वाट बंद. बाईने टेबलाकडे बोट दाखवलं. "विमान बघ. ते बघत असतात माझ्याकडे, मी रंगवताना. डोळे बघ त्यांचे."

"बघायला काय, तान्हं मूलही बघतं."

हे जरा जास्तच झालं, हे त्यालाही कळलं. तो खाली बघत म्हणाला, "सोमवारी गाडी येणार आहे. त्याआधी मला एक गोष्ट दाखव. एकच. त्यांना समजतंय अशी. मी गाडी रद्द करतो. तुझी शपथ."

*

शेवटचे दोन दिवस. विमानावर अक्षरं यायची होती, चाकं यायची होती, नाकावरचा पंखा यायचा होता. बाईने शिवणाचं सगळं काम बाजूला ठेवलं. दारात आलेल्या शेजारणीला म्हणाली, "पँट सोमवारनंतर." शेजारीण म्हणाली, "तोपर्यंत काय, चड्डीवर फिरू दे त्याला?" एरवी बाई हसून हसून वाकली असती. तिने दार लोटलं.

अक्षरं म्हणजे डेकल. पातळ पापुद्र्यावर छापलेली. पाण्यात भिजवली की कागदापासून सुटतात. मग ती ओल्या ब्रशने सरकवून विमानाच्या अंगावर बसवायची. बसली की बसली. वाळायला लागली की हात लावायचा नाही. हे तिने त्यालाच करताना बघितलं होतं. तेव्हा तो श्वास रोखून धरायचा आणि घरात कुणी बोललेलं त्याला चालायचं नाही.

या विमानाच्या शेपटीकडच्या बाजूला मोठी लाल अक्षरं होती. शेवटचं इंग्रजी आर. बाईने एकेक सरकवलं. पहिलं बसलं. दुसरं बसलं. आर जागेवर गेला. तिने कापसाने पाणी टिपलं. सरळ, स्वच्छ, कुठे सुरकुती नाही. सकाळपासून पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

"उलटं," तो म्हणाला.

"नाही हो," ती म्हणाली. रडकुंडीला आली होती. "बघा ना. सरळ आहे. आर आहे."

"उलटं." शांतपणे. जवळजवळ प्रेमाने.

आणि तिचा हात गेलाच. आयुष्यभराची सवय. उलटं म्हटलं की उसवायचं. या बाजूला अक्षरांचा क्रम वेगळा असेल, आर आधी यायचा असेल, असं काहीतरी तिने मनाशी जुळवलं. नखाने कड उचलली. पापुद्रा अर्धा वाळला होता. आर मधोमध फाटला. एक तुकडा विमानावर, एक तिच्या बोटाला.

हात आदळला. एकदा नाही, तीनदा. विमान उडी मारून कलंडलं. तिने ते झेललं आणि तिसऱ्या वेळी हात तिच्याच खांद्यावर बसला. त्याच क्षणी दारात मुलगा उभा होता. हातात रिकामी बॅग. बाबांचे कपडे भरायला आणलेली.

त्याने बॅग पलंगावर ठेवून चेन उघडली. ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

"मी बाहेर जाऊन येते," बाई म्हणाली. "तू बस त्यांच्यापाशी."

"आता कुठे?"

"अक्षर आणायला."

"आई, कशाला आता..."

"एक अक्षर तुटलंय," ती म्हणाली. "ते तसं नाही ठेवणार मी."

*

दुकान नवऱ्याचंच. आता भागीदार एकटा चालवायचा. बाई तिथे पूर्वी कितीदा गेली होती, पण काउंटरच्या अलीकडे. काम पडद्यामागे चालायचं. मशीनची घरघर असायची. ती डबा ठेवायची आणि निघायची.

आज भागीदाराने तिला पडद्याआत बसवलं. आत जळक्या रबराचा वास होता. नवऱ्याच्या शर्टांना हाच वास असायचा. तिने किती वर्षं तो धुतला होता.

"कसा आहे आमचा मौनीबाबा?"

"आहेत तसेच."

"आणि विमान?"

तिने पिशवीतून विमान काढलं. फाटलेला आर दाखवला. "एवढंच अक्षर पाहिजे. लहानसं. लाल रंग लावून त्याच जागी उमटवीन म्हणते."

"एवढंच ना? बसा वहिनी." त्याने शेजारच्या अक्षरांची उंची मोजून घेतली, मशीनमध्ये रबराचा पातळ तुकडा ठेवला. बारीक किरण मागेपुढे पळाला. धुराची रेघ उठली. मग त्याने तुकडा उचलला, फुंकर मारून भुकटी उडवली, भिंगाखाली धरला. एक डोळा मिटला.

"उलटं," तो म्हणाला.

बाई स्टुलावरून उठलीच. "नाही. आता पुन्हा नको. तसाच द्या."

"पुन्हा काय?"

"चुकलं ना?"

"कुठे चुकलं?"

"तुम्हीच म्हणालात. उलटं म्हणालात."

भागीदार तिच्याकडे बघत राहिला. मग हसला. "अहो वहिनी, शिक्का आहे हा! रबरावर उलटं, तर कागदावर सुलटं. इथे उलटं म्हणजे पास." त्याने आर तिच्यासमोर धरला. आरचा पाय डाव्या बाजूला होता. "रबरावर सरळ वाचता आलं की समजायचं, माल वाया. तुमच्याच नवऱ्याने लावलेली सवय. मी कापायचो, त्याच्या पुढे धरायचो, 'बघ जरा' म्हणायचो. तो बघायचा. 'उलटं' म्हणाला की मी दांडा चिकटवायचो. दिवसभर तेवढंच बोलणं. हल्ली घरी बायकोने विचारलं, मीठ बरोबर पडलंय का, तरी माझ्या तोंडून निघतं, उलटं. ती ताट ओढून घेते."

तो स्वतःच्याच विनोदावर हसत होता. बाई हसली नाही.

"आणि चुकलेलं असलं तर?" तिने विचारलं. "तेव्हा काय म्हणायचे?"

"तेव्हा कुठलं बोलतोय? टेबलावर हात आपटायचा. धाडकन. मशीनच्या आवाजात मला ऐकू जायला नको का?" त्याने हात आपटून दाखवला. भिंग उडालं. "पहिल्या पहिल्यांदा घाबरायचो मी. वाटायचं, मारतोय की काय. वहिनी? पाणी देऊ का?"

बाईने मागे हात करून स्टूल चाचपलं आणि बसली.

*

परतताना ती कशी चालली ते तिला नंतर सांगता येईना. रस्ता ओलांडताना कुणीतरी हॉर्न वाजवला, एवढं आठवत होतं.

उशी बरोबर होती. तिने फिरवली. शर्ट बरोबर होता. तिने काढला. कप त्याच्या चांगल्या हाताशी बरोबर धरला होता. तिने कान दुसरीकडे केला. विमानाचे रंग बरोबर होते. आर बरोबर होता. तो म्हणत होता, झालं, छान, आता पुढचं. आणि ती प्रत्येक वेळी त्याच्यासमोर बसून ते उसवत होती.

घरी राहायचंय का? उलटं.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिला इस्पितळ आठवलं. त्याने हातांकडे बघितलं होतं. तिचा हात आणि त्याचा हात. त्यावर तो म्हणाला होता.

आणि तिने हात काढून घेतला होता. त्याला भिंतीकडे वळवलं होतं.

ती पायरीवर टेकली. वरून कुणीतरी उतरत होतं म्हणून उठली.

दार उघडंच होतं. मुलगा पलंगावर बसून शर्ट घड्या घालून बॅगेत ठेवत होता. नवरा खुर्चीत. बाईने तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं तर तो म्हणेल, आई, तुला हवं तेच तुला ऐकू येतंय. आणि खरंच तसं असलं तर? तिने अजून काहीच तपासलं नव्हतं. भागीदाराचा एक किस्सा, बस. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असंही एकदा वाटून गेलं. आता खोटं निघालं तर हातात काहीच उरणार नव्हतं.

तिने विमान टेबलावर ठेवलं. पंखा मुलाच्या हातात दिला.

"हा नाकावर धर. चिकटवू नकोस. पात्याची फुगीर बाजू मागे कर."

"आई, हे काय आता?"

"धर म्हणते ना."

त्याने धरला. नुसता तिच्या समाधानासाठी. ती नवऱ्याकडे बघत राहिली.

काही नाही.

"आता फुगीर बाजू पुढे."

त्याने फिरवला.

काही नाही. शब्द नाही, हात नाही. नवरा बघतही नव्हता.

"आई, पुरे," मुलगा हळू म्हणाला. "पुरे आता."

नवऱ्याची नजर कुठे आहे ते बाईने बघितलं. त्यांच्या डोक्यांवरून, पलंगाकडे. बॅगेकडे. बॅगेतून त्याच्या निळ्या शर्टाची कॉलर बाहेर आली होती.

तिने उठून बॅग उचलली, गॅलरीत नेऊन ठेवली, दार लावलं. परत येऊन त्याच्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. रबराचा तो वास तिच्या ओढणीला लागला होता. तिला आला, त्यालाही आला असावा. त्याच्या नाकपुड्या हलल्या.

"अहो," ती म्हणाली. मग भागीदार म्हणायचा तसं, कामाच्या आवाजात, "बघा जरा."

त्याने मान वळवली.

"धर," ती मुलाला म्हणाली. "चुकीचा."

मुलाने फुगीर बाजू मागे करून पंखा नाकावर धरला. नवऱ्याने डोळे बारीक केले. एक डोळा मिटला. हात आदळला. धाडकन.

"हे बघ, हेच ते..." मुलगा मागे सरकला.

"थांब. आता फिरव."

त्याने फिरवला.

"उलटं," नवरा म्हणाला.

मुलाने आईकडे बघितलं. त्याने न सांगता पंखा पुन्हा फिरवला. हात आदळला. सरळ केला. "उलटं." मग त्याने पाठीमागे हात नेला, तिथेच फिरवाफिरव केली आणि एकदम पुढे आणला. लहानपणी मुठीत गोळी लपवून बाबांना ओळखायला लावायचा तसा.

"उलटं."

पंखा बरोबर होता.

"शिक्का," बाई म्हणाली. "रबरावर उलटं म्हणजे बरोबर. दुकानात तेच म्हणायचे. बरोबर असलं की तेच. चुकलं की हात. आपण सगळं उलटं ऐकत होतो रे."

मुलगा खाली बसला. जमिनीवर, वडिलांच्या पायांशी. बराच वेळ पंखा बोटांत फिरवत राहिला. त्याला विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. शेवटी अगदी लहान आवाजात, आता न ओरडता, म्हणाला, "बाबा. घरीच ना?"

"उलटं," नवरा म्हणाला. आणि जबडा घट्ट मिटला. कितीदा सांगू, अशा थाटात.

मुलगा फोन घेऊन गॅलरीत गेला. दाराच्या काचेतून त्याची पाठ दिसत होती. तो बोलत होता, थांबत होता, मध्येच बाहीने तोंड पुसत होता. आत बाईने टेबलावरच्या डाव्या हातावर आपला हात ठेवला. तिला बोलायचं खूप होतं. जन्मभर तोंड चाललं, आज चालेना.

त्याने हातांकडे बघितलं. तो म्हणाला. या वेळी तिने हात काढला नाही.

मुलगा आला तेव्हा त्याच्या एका हातात बॅग होती. दुसऱ्या हाताने त्याने खोक्यातलं चित्र उचललं आणि विमानाशेजारी धरलं. "आई, चित्रात इथे हिरवा आहे. तू तपकिरी दिलायस. सगळंच..."

"माहीत आहे."

"बदलणार?"

"आता एक टाका उसवणार नाही मी," बाई म्हणाली. "उडू दे तसंच. शत्रूलाही जरा कोडं पडू दे."

नवऱ्याच्या घशातून काहीतरी आवाज आला. हसू होतं की खोकला, ते ओळखायला अजून वेळ लागणार होता.

मग तिने फाटक्या आरचा उरलेला तुकडा ओल्या कापसाने काढला. रबरावर लाल रंगाचा पातळ हात फिरवला. विमान डाव्या हातात धरलं, श्वास रोखला. मुलगाही बोलायचा थांबला. तिने रबर विमानाच्या गोल अंगावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश टेकवत नेलं आणि उचललं.

आर उमटला होता. लाल, ठसठशीत, कडा स्वच्छ. तिने विमान नवऱ्यासमोर धरलं.

"बघा जरा."

त्याने एक डोळा मिटला. बघितलं. खूप वेळ बघितलं. बाई वाट बघत राहिली. तो काही बोलला नाही.

डावा हात वर गेला आणि टेबलावर आदळला. फार जोरात नाही. पण स्पष्ट.

बाईने विमान स्वतःकडे वळवलं. आर किंचित पुढे कलला होता. पट्टी लावल्याशिवाय कुणाला दिसलं नसतं इतका.

"कळलं," ती म्हणाली. "वाकडं आलंय."

आणि रंग ओला आहे तोवर पुसायला तिने चिंधी घेतली.